गोव्यातली जुनी लष्करी पदकं आणि सनदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीत माझ्याकडे लोक पदकं घेऊन येतात ती रुमालात बांधून, औषधाच्या पाकिटातून, एकदा तर दुधाच्या डब्यातून. मी स्वतःला तज्ज्ञ म्हणवत नाही. पंचवीसेक वर्षांचा नाद आहे, आणि या नादात पैसे घालवून जे शिकलो ते सांगतो. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

सुरुवातीला एवढं ध्यानात घ्या. गोव्यात दोन रीतींची पदकं सापडतात. सावंतवाडी, बेळगाव, मुंबईच्या वाटेने आलेल्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचं नाव असतं. पोर्तुगीज पदक मात्र मुकं. तिथे बोलतो तो कागद. पुढच्या निम्म्या उत्तरांचं मूळ या एका फरकात आहे.

माळ्यावरच्या पेटीत एक पदक सापडलं. आधी काय करू?

काहीच करू नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट नको. पदक खिडकीत ठेवून सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा: पुढून, मागून आणि कड फिरवत फिरवत चार बाजूंनी. समोरून फ्लॅश मारलात तर कडेवरची अक्षरं दिसतच नाहीत. मग ओळखीच्या शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, जाऊन त्याच्या काट्यावर वजन करून घ्या. फक्त वजन. शेटने "पॉलिश करून देतो" म्हटलं की हात जोडा आणि निघा.

ज्या पेटीत पदक होतं ती पेटी पुन्हा उपसा. तळाला घातलेला कागद, एखादी पावती, अर्धा फाटलेला लिफाफा, फोटोच्या मागे लिहिलेली ओळ, सगळं पदकासोबत ठेवा. घरात सगळ्यांत म्हातारं माणूस असेल त्याला विचारून फोनवर रेकॉर्ड करा. आजी सांगते ते सगळं खरं असेलच असं नाही, पण माणसाचं नाव, गाव आणि साधारण काळ तिच्याइतका दुसरा कोणी सांगणार नाही.

कडेवर बारीक अक्षरं आहेत. ती कशी वाचायची?

ब्रिटिश आणि ब्रिटिश हिंदी पदकांवर साधारण क्रम असा: आधी शिपायाचा नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. अक्षरं रोमन आणि आखडलेली असतात. "एल. आय." म्हणजे लाइट इन्फन्ट्री, "एस. अँड एम." म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स. १९१४-१५चा स्टार, म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ताऱ्याच्या आकाराचं पदक, असेल तर कड शोधत बसू नका, त्यावरचं नाव मागच्या सपाट बाजूला असतं.

पलटणीचं नाव हाच मोठा पुरावा. १९०३च्या फेररचनेत मराठा पलटणींना शंभराच्या पुढचे आकडे मिळाले: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. हा वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा चालला. त्यामुळे पेडणे, सावंतवाडीकडच्या घरात "११७ मराठाज" दिसलं की माझे कान टवकारतात. १९२२ साली या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या पदकावर जुना शंभरीचा आकडा असायला हवा. तिथे "५ मराठा एल. आय." असेल तर नाव नंतर घातलं असण्याची शंका घ्या.

नावाच्या स्पेलिंगला मात्र फसू नका. पलटणीच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं. पवारचा पोवार झाला, गावडेचा गौडा झाला. स्पेलिंग चुकलं म्हणून पदक खोटं ठरत नाही. उलट आजच्या आधार कार्डावर असतं तितकं नीटस स्पेलिंग दिसलं तर मी पुन्हा भिंग काढतो.

नाव ठोकलेलं आहे की कोरलेलं, याने काय फरक पडतो?

बराच. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घ्या. ठशाने ठोकलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो आणि त्याच्या भोवती धातू किंचित उचललेला दिसतो. हाताने कोरलेल्या अक्षराची खाच व्ही आकाराची असते आणि टोकाशी निमुळती होत जाते. पहिल्या महायुद्धाची पदकं ठोकलेल्या अक्षरांची. त्यावर कोरीव नाव आलं तर ते कुणीतरी मागाहून घातलं आहे असं धरून चाला. पण त्याआधीच्या सरहद्दीवरच्या मोहिमांची हिंदी शिपायांना मिळालेली पदकं पुष्कळदा वळणदार हातांनी कोरलेलीच आहेत, आणि ती अस्सल आहेत. म्हणजे नियम पदकागणिक बदलतो. "कोरीव म्हणजे खोटं" एवढंच पाठ करून बाजारात गेलात तर चांगलं पदक हातचं घालवाल.

जुनं नाव घासून नवं घातलेलं कसं कळतं?

व्हर्नियर कॅलिपरने. घासलं की कड कमी होते. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं असतं. वरपासून खालपर्यंत आणि डावीकडून उजवीकडे, असे तीन-चार वेगवेगळे व्यास मोजा. एका दिशेला थोडा कमी भरला तर तिथे कानस फिरली आहे. बोट फिरवलं तरी कळतं: कड गोल न लागता एके ठिकाणी सपाट लागते.

घासण्याचा उद्देश साधा असतो. साध्या शिपायाचं पदक फार किमतीचं नसतं. एखाद्या गाजलेल्या लढाईतल्या माणसाचं नाव घातलं की किंमत वाढते. १८०३ ते १८२६च्या लढायांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८५१ साली दिलेलं आर्मी ऑफ इंडिया मेडल हे याचं टोक. अस्सई, खडकी, कोरेगाव अशी लढायांची नावं असलेल्या धातूच्या पट्ट्या त्यावर येतात. त्या लढायांतले १८५१पर्यंत जिवंत उरलेले किती असणार? त्यामुळे अस्सल पदकं अतिशय थोडी, आणि "कोरेगावच्या पट्टीवालं" म्हणून दाखवली जाणारी मात्र भरपूर.

पोर्तुगीज पदकावर नाव का नाही? मग ते आमच्या पणजोबांचं हे कसं सिद्ध करायचं?

पोर्तुगीज लष्करात पदकावर सहसा नाव घालत नसत. १८६३ साली सुरू झालेलं लष्करी पदक, म्हणजे शौर्य, चांगली सेवा, अनुकरणीय वर्तणूक हे प्रकार, घ्या किंवा पहिल्या महायुद्धाच्या काळातला क्रूझ द गॅर्रा घ्या. धातूवरून एवढंच कळतं की हे पदक अमुक प्रकारचं आहे.

सिद्ध करायचं ते कागदाने. तीन कागद शोधा. पहिला दिप्लोमा किंवा आल्वारा, म्हणजे पदक दिल्याची सनद. दुसरी कादेर्नेता मिलितार, शिपायाची सेवापुस्तिका. हिच्यात भरती, बदल्या, शिक्षा आणि पदकं सगळं टिपलेलं असतं, आणि शिक्षा असतात म्हणून घरच्यांनी पुष्कळदा ती दडवलेलीही असते. तिसरा म्हणजे छापील राजपत्रातली नोंद. सैन्यातल्या नेमणुका आणि बहुमान लिस्बनच्या "ओर्देम दु एक्झेर्सितु"च्या दुसऱ्या मालिकेत येत. गोव्यातलं सरकारी राजपत्र, आपण ज्याला बोलेती म्हणतो, ते १८३७पासून निघत होतं. दिप्लोम्यावर लिहिलेला अंक आणि तारीख राजपत्रात सापडली की काम झालं.

यातून निघणारी गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: पोर्तुगीज पदक आणि त्याचा कागद वेगळे विकू नका, वेगळे फ्रेम करू नका, दोन भावांत वाटू नका. एकदा फारकत झाली की पदक पोरकं होतं आणि कागद निव्वळ रद्दी.

पोर्तुगीज दिप्लोमा खरा आहे का, हे मला पोर्तुगीज न येता कसं कळेल?

भाषा न येता बरंच कळतं. मी पाहतो त्या क्रमाने सांगतो.

आधी माथ्यावरचं चिन्ह. ५ ऑक्टोबर १९१०ला पोर्तुगालात राजेशाही संपली. त्याआधीच्या कागदावर ढालीच्या वर मुकुट असतो. प्रजासत्ताकाच्या कागदावर मुकुट जातो आणि ढालीमागे पट्ट्यांचा गोल, नाविकांच्या नभगोलासारखा, येतो. १९२५ची तारीख आणि डोक्यावर मुकुट असं जमत नाही.

मग खात्याचं नाव. राजेशाहीत "मारिन्या इ उल्त्रामार" हे खातं होतं. १९११ ते १९५१ "कोलोनियाश". १९५१नंतर वसाहत हा शब्दच काढून टाकला आणि "उल्त्रामार" आलं. मागे एका गृहस्थांनी मला दाखवलेल्या दिप्लोम्यावर तारीख होती १९४३ची आणि माथ्यावर ठळक अक्षरांत मिनिस्तेरियु दु उल्त्रामार. कागद सुंदर पिवळा पडलेला, शाई झकास, सही ऐटदार. खोटं करणाऱ्याने सगळं केलं, फक्त आठ वर्षं आधी केलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. १९११ साली पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं. त्याआधी ग्रीक शब्दांत "फ"साठी पी-एचची जोडी, कुठे वाय, कुठे एकच व्यंजन दोनदा. नंतर हे सगळं गेलं. "ओफिसियाल" हा शब्द जुन्या कागदावर दोन एफने आणि नव्यावर एका एफने. राजपत्राच्या स्वतःच्या नावातही हाच बदल दिसतो. १८९६च्या सनदेवर एक एफ असेल तर भिंग ठेवून द्या, पुढे बघायची गरज नाही. उलटं मात्र इतकं पक्कं नाही. १९१३च्या कागदावर दोन एफ दिसले तर जुने छापील फॉर्म संपवले असतील, किंवा म्हाताऱ्या कारकुनाची बोटं जुन्या वळणाचीच असतील.

मुद्रांकाचे पैसे पाहा. गोव्यात १९५८ संपेपर्यंत रुपी आणि टांगा चालत होता, एस्कुदो हे पोर्तुगालचं चलन आलं ते १९५९च्या सुरुवातीला. लिस्बनला काढलेल्या कागदावर १९११पासूनच एस्कुदो असणार. पण पणजीत काढलेल्या १९५०च्या कागदावर एस्कुदोचा इथला मुद्रांक दिसला की तो चिकटवणाऱ्याचा इतिहास कच्चा आहे.

शेवटी डोळे मिटा आणि कागदाच्या मागून बोट फिरवा. पोर्तुगीज कचेऱ्या "सेलु ब्रांकु" म्हणजे बिनशाईचा उठावाचा शिक्का मारत. तो बोटाला लागतो. फोटोकॉपीत तो करड्या डागासारखा दिसतो आणि बोटाला काही लागत नाही.

सहीवरून काही कळतं का?

शाईवरून कळतं. जुनी लोहयुक्त शाई काळाने तपकिरी होते, जाड रेघांत कागद खाते, आणि मागे सावली उमटते. बॉलपेनची रेघ गुळगुळीत, कागदात खोबण पाडणारी, आणि बॉलपेन बाजारात आलं ते दुसरं महायुद्ध संपता संपता. १९३२च्या सनदेवर बॉलपेनची सही पाहिली आहे मी. विकणारा म्हणाला, "साहेबांनी नंतर केली असेल."

आमच्या घरी चर्चिलची सही असलेला कागद आहे! खरोखर त्याची का?

पहिल्या महायुद्धात लष्करी अहवालात नाव झळकलेल्यांना युद्धखात्याने प्रमाणपत्र दिलं. त्यावर तारीख १ मार्च १९१९ आणि खाली युद्धमंत्री म्हणून विन्स्टन चर्चिलची सही. ती छापील आहे, सगळ्यांच्या कागदावर तीच. म्हणून प्रमाणपत्र खोटं होत नाही. त्यातलं मोलाचं आहे ते हाताने भरलेलं नाव आणि पलटण. लिलावात "चर्चिलची अस्सल सही" म्हणून कुणी दाम सांगितला तर चहा पिऊन परत या.

याच पेटीत कधी कधी जंगी इनामाची, म्हणजे लष्करी सेवेबद्दल मिळालेल्या इनामाची, सनद निघते. ती जपा. पदकं हजारो निघाली, इनामं थोड्यांना मिळाली.

गोवा मुक्तीच्या लढाईचं पदक कोणतं? "ऑप विजय मेडल" का?

नाही. दर डिसेंबरात हा घोळ नव्याने होतो. १९६१ आणि १९९९, दोन्ही कारवायांचं नाव "ऑपरेशन विजय". ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल कारगिलसाठी, म्हणजे १९९९साठी आहेत. गोव्याच्या कारवाईचं स्मरण जनरल सर्व्हिस मेडल १९४७ या पदकावरच्या "गोवा १९६१" या पट्टीने होतं. पदक तांबं-निकेलचं, फीत लाल, त्यावर पाच बारीक हिरव्या रेघा. आणि पुढच्या बाजूला काय आहे ते बघा: भवानी तलवार. छत्रपतींची तलवार भारतीय सेनेच्या पदकावर आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं, घरात पदक असूनही.

१८-१९ डिसेंबर १९६१ची ती कारवाई जेमतेम दोन दिवस चालली. तेव्हा हजारोंच्या सैन्यातल्या कुणाला पट्टी मिळाली हे कडेवरचं नाव आणि सेवापुस्तक जुळवूनच ठरवा. पट्टी सुटी मिळते, आणि सुटी पट्टी कोणत्याही जनरल सर्व्हिस मेडलवर सरकवता येते. त्याच पदकाला जम्मू-काश्मीर, नागा हिल्स अशा पट्ट्याही आहेत. पट्टीची आतली बाजू आणि पदकाची दांडी सारख्याच जुन्या दिसतात का, एवढं तरी पाहा.

आणि "गोवा १९४३" अशी पट्टी? मुरगावच्या बंदरातल्या जर्मन जहाजाची?

एरेनफेल्स जहाजावर ९ मार्च १९४३ला कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी ब्रिटिश घोडदळाच्या मंडळींनी छापा घातला हे खरं. ही हकीकत १९७८पर्यंत गुप्त होती. गोवा १९४३ अशी पट्टी कधी निघाली नाही. दिसली तर हसून सोडून द्या.

ताम्रपट हे लष्करी पदक मानायचं का?

नाही, पण माझ्या संग्रहकांच्या जगात त्याला मान आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, भारत सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले. गोव्यातल्या कित्येक घरांत तो देवघराशेजारी लावलेला असतो. त्याची खरेदी-विक्री मी करत नाही. तुम्हीही करू नये असं माझं मत आहे, कायदा काय म्हणतो ते अलाहिदा.

आमचा आजा तारवटी होता, सैनिक नव्हता. त्याच्याकडे पदकं कशी?

गोव्यातला हा अगदी नेहमीचा प्रश्न, आणि उत्तर अभिमानाचं आहे. ब्रिटिश बोटींवर गोंयकार स्टुअर्ड, खानसामे, खलाशी होते, आणि युद्धात पाणसुरुंग खलाशी कोण आणि सैनिक कोण विचारत नव्हते. पहिल्या महायुद्धात धोक्याच्या पाण्यातून गेलेल्यांना मर्कंटाइल मरीन वॉर मेडल मिळालं. ब्राँझचं, आणि फितीत हिरवा, पांढरा, तांबडा: बोटीच्या उजव्या-डाव्या बाजूचे दिवे आणि मधला डोलकाठीवरचा दिवा. याच्या कडेवर फक्त नाव असतं. नंबर नाही, हुद्दा नाही. त्यामुळे "बाकीचं घासून टाकलंय" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. दुसऱ्या महायुद्धात तारवट्यांना १९३९-४५ स्टार, अटलांटिक स्टार, बर्मा स्टार मिळाले.

ओतीव नक्कल कशी ओळखू?

अस्सल पदक ठशाने दाबून पाडलेलं असतं, नक्कल साच्यात ओतलेली. ओतीव धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल अस्सलपेक्षा किंचित लहान भरते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, आणि कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण. लाकडी टेबलावर हळूच टेकवून आवाज ऐका असं जुने लोक सांगतात. मी ऐकत नाही. माझा कान तेवढा तयार नाही, आणि पदकाची कड दुखावते.

दुसऱ्या महायुद्धाच्या स्टारांची वेगळी अडचण आहे. ब्रिटनच्या सैनिकांना ते बिननावाचे मिळाले, त्यामुळे नक्कल करणं सोपं. हिंदी सैन्याला दिलेल्यांवर बहुधा नाव ठोकलेलं असतं. म्हणून "आमच्या मराठा आजोबांचा बर्मा स्टार" बिननावाचा असेल तर खोटाच असं नाही, पण कागद मागावा.

फितीवरून काही ठरतं का?

फीत बदलते. दर दहा वर्षांनी परेडला नवी लागते. तरी ती तपासायची एक मजेची रीत आहे. नोटा तपासायला दुकानदार जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च वापरतात, तो घ्या. अंधाऱ्या खोलीत फीत आणि कागद दोन्ही त्याखाली धरा. शुभ्रतेसाठी घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. त्यामुळे १९१७ची म्हणवणारी फीत किंवा सनद निळसर पांढरी झगमगली तर माल नवा. जुनं सूत, रेशीम आणि चिंध्यांचा कागद निस्तेज राहतो.

मी स्वतः यात एकदा तोंडावर आपटलो. साखळी गावातल्या एका घरचं पदक मी "फीत नवी" म्हणून बाजूला ठेवलं. मग घरच्या काकू म्हणाल्या, "अरे, चतुर्थीच्या आधी मीच धुतली ना, पावडर घालून." कपड्याच्या पावडरीतही तीच रसायनं असतात. फीत जुनीच होती.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात पदकं दिसतात. घ्यावीत का?

बघायला जा. घ्यायला जाताना खिशात फसवणूक सोसण्याइतकेच पैसे ठेवा. एका बाजारात मी एक कांस्यपदक घेतलं, "पोर्तुगीज कप्तानाच्या वाड्यातलं" म्हणून. घरी येऊन पाहिलं तर मागे खिळ्याने केलेली खरवड, आणि कोपऱ्यात बारीक अक्षर "आर". पुष्कळ नकलांवर हेच अक्षर असतं. ते मी भिंगाशिवाय पाहिलं नाही, कारण भिंग घरी राहिलं होतं. ते पदक अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

रामदरबार किंवा हनुमान असलेली "ईस्ट इंडिया कंपनीची अर्धा आणा" नाणी आणि पदकं एकाच टोपलीत असतील तर ती टोपलीच सोडा. ती नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत.

आजीच्या स्वयंपाकघरात ब्राँझची मोठी ताटली आहे, सिंह आणि बाई असलेली.

उठून ती आधी आवरा. एका घरी मी ती पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून पाहिली होती, मधोमध सिंहाचं नाक झिजून गुळगुळीत झालेलं. सुमारे १२० मिलिमीटर व्यासाची ही ताटली पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवली गेली. ब्रिटानिया, सिंह, आणि चौकटीत मृताचं नाव. हुद्दा मुद्दाम घातला नाही, मरणात सगळे सारखे म्हणून. तुमच्या घरातला कोणी तिथे गेला आणि परत आला नाही, हे त्या ताटलीचं म्हणणं. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या यादीत ते नाव शोधा.

चमकवू का?

नको. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं आहे म्हणून लोक घासतात, आणि दर घासणीला राजाचं नाक आणि कडेवरची अक्षरं थोडी थोडी जातात. १९८०च्या जानेवारीत चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी कितीतरी पदकं जगभर वितळली गेली. उरलेल्यांना आपण तरी घासू नये.

गोव्याच्या पावसाळ्यात जपायचं कसं?

प्लॅस्टिकच्या मऊ वास येणाऱ्या पाकिटांत नको. पीव्हीसी कालांतराने चिकट होतं आणि तांब्यावर हिरवं चढतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनच्या आधी त्या वाळवा. कागदाला लॅमिनेशन म्हणजे जिवंतपणी पुरणं. घडी उलगडताना घाई नको, तुकडा सुटला तर सेलोटेप नको. कसर आणि वाळवी यांना कपाटाची मागची भिंत फार आवडते, म्हणून फाइल भिंतीला टेकवू नका.

नोंदी कुठे शोधायच्या?

पोर्तुगीज बाजूसाठी पणजीत दोन जागा. राज्य अभिलेखागार, ज्याची सुरुवात १५९५ साली दियोगु दु कोतुच्या हाताखाली झाली. आणि पाट्टोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२चं, जिथे जुनी राजपत्रं आणि वर्तमानपत्रं चाळता येतात. त्यापुढे लिस्बनचं लष्करी अभिलेखागार आणि सागरपार अभिलेखागार.

ब्रिटिश बाजूसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर, लंडनमधल्याच क्यू या भागातलं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार, आणि शौर्यपदकांसाठी लंडन गॅझेट, जे घरबसल्या शोधता येतं. क्यूमधल्या पहिल्या महायुद्धाच्या पदककार्डांत हिंदी शिपायांची कार्डं फार थोडी आहेत, नाव सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका. मराठ्यांसाठी बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल केंद्र आपल्याला चोर्ला घाट चढला की आलंच. स्वातंत्र्यानंतरच्या शौर्यपुरस्कारांसाठी संरक्षण मंत्रालयाचं संकेतस्थळ आहे.

पत्र लिहाल तेव्हा नंबर, हुद्दा, नाव, पलटण एका ओळीत, कडेवर आहे तसं लिहा. "आमचे आजोबा फार शूर होते" हे दुसऱ्या परिच्छेदात.

बाळगणं, विकणं, परदेशी नेणं यात कायद्याची अडचण?

घरचं पदक घरात ठेवायला नाही. बाहेर नेताना मात्र आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या वस्तू, आणि ऐतिहासिक मोलाचे पंचाहत्तर वर्षांवरचे कागद, खासगी माणसाने देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे पहिल्या महायुद्धाची पदकं आता या रेषेपलीकडे गेली, आणि १९४६ची सनदही. लिस्बनला राहणारी मंडळी मे महिन्यात येतात आणि "पप्पांचं पदक बॅगेत टाकून नेतो" म्हणतात, त्यांना मी आधी जुन्या गोव्यात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारायला सांगतो. धंदा म्हणून पुरावशेष विकायचे तर परवाना लागतो.

आजोबांची पदकं मी कार्यक्रमात लावू का?

ब्रिटनमध्ये वारस उजव्या छातीवर लावतात. आपल्याकडे सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून सैनिकाची खूण मिरवणं हा गुन्हा आहे. मी तर म्हणतो फ्रेम हातात धरा, फोटोही चांगला येतो.

किंमत किती येईल?

हा पहिला प्रश्न असतो, म्हणून शेवटी ठेवला. आकडा मी सांगत नाही. किंमत चार गोष्टींवर ठरते: शौर्यपदक आहे की सगळ्यांना मिळालेलं, माणसाचं पुढे काय झालं, संच पूर्ण आहे का, आणि कागद सोबत आहेत का. नुसत्या धातूची किंमत शेट सांगेल, तीच सर्वांत कमी.

आम्ही तीन भाऊ, पदकंही तीन. एकेक वाटून घेतलं तर?

मागच्या वर्षी हेच विचारायला सत्तरी तालुक्यातून एक कुटुंब आलं होतं. स्टार, चांदीचं आणि पिवळं, तिन्हींवर एकच नंबर, एकच नाव. मी तिन्ही टेबलावर ओळीत मांडली, कडा वर करून. तिघांनी वाचलं. थोरल्याने सगळी रुमालात बांधली आणि धाकट्याकडे दिली, कारण कागदांची पेटी त्याच्याकडे आहे.